मासे सगळ्यात शेवटी: वाळू आणि लाकडाची टाकी लावताना

फिश टँकच्या दुकानात शिरलेला माणूस सहसा तासाभरात सगळं घेऊन बाहेर पडतो. काचेची टाकी, रंगीत खडे, हवेचा पंप, प्लास्टिकची झुडपं आणि फुगवलेल्या पिशवीत दहा-बारा मासे. त्याच संध्याकाळी टाकी भरली जाते, मासे सोडले जातात, आणि आठवड्याभरात एकेक मासा मरून वर यायला लागतो. घरातल्या मुलांना काय सांगायचं ते कळत नाही. बहुतेकांची हौस तिथेच संपते आणि टाकी माळ्यावर जाते.

माझी पहिली टाकी त्यातून वाचली, पण तिने मला वेगळं काही दाखवलं. मी सहा कोरी आणले होते. कोरी, म्हणजे कोरीडोरस, हा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांच्या तळाशी राहणारा बोटाएवढा मासा. त्याच्या तोंडाजवळ बारीक मिशा असतात आणि त्या मिशांनी तळ चाचपत तो दिवसभर खाणं शोधतो. माझ्या टाकीच्या तळाला टोकदार काळी खडी होती. दोन महिन्यांनी सहज टॉर्च मारून जवळून पाहिलं, तर सहापैकी चौघांच्या मिशा झिजून नुसते खुंट उरले होते. खडीच्या कडा धारदार, आणि फटींत अडकून कुजलेलं खाद्य; दोन्हींनी मिळून ते केलं होतं. मी खडी काढून टाकली आणि वाळू घातली. त्यानंतरची माझी प्रत्येक टाकी वाळूची आणि लाकडाची आहे.

हे काम नीट केलं तर साधारण दोन महिने लागतात, आणि त्यातला बराच काळ टाकीत एकही मासा नसतो. ते मान्य असेल तर पुढे वाचा.

आधी लाकूड

टाकी घ्यायच्या आधी लाकूड घ्या, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो. दुकानात याला ड्रिफ्टवूड म्हणतात. मलेशियन नावाने मिळणारं गडद, जड लाकूड बहुतेक वेळा लगेच बुडतं. आफ्रिकेतून येणारं दोन रंगांचं मोपानीही तसंच जड. बारीक फांद्यांचं स्पायडरवूड दिसायला फार सुरेख, पण ते कित्येक आठवडे तरंगत राहतं. दुकानदाराला बादलीत बुडवून दाखवायला सांगा, तो दाखवतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या मत्स्यालयांच्या दुकानांत लाकडाचे ढीग असतात. तिथे हातात घेऊन, फिरवून, टाकीत कोणती बाजू पुढे येईल ते बघून निवडता येतं. ऑनलाइन मागवलेल्या लाकडात हे सुख नाही.

नदीकाठी पुरात वाहून आलेला बुंधा सापडला तर मोह होतोच. तो वापरायचा असेल तर लाकूड टणक, पूर्ण वाळलेलं आणि साल निघून गेलेलं हवं. नख रुतलं तर ते आतून कुजलेलं आहे, सोडून द्या. ओली फांदी, देवदार-पाइनसारखं राळेचं लाकूड, पॉलिश किंवा कीडनाशक मारलेलं सुताराकडचं लाकूड, यातलं काहीही नको. समुद्रकिनाऱ्यावरचंही नको, त्यात मीठ मुरलेलं असतं.

आणलेलं लाकूड कडक ब्रशने नुसत्या पाण्यात घासा. साबण अजिबात लावू नका, लाकूड तो पिऊन घेतं आणि नंतर टाकीत सोडतं. मग जुन्या, स्वयंपाकातून बाद झालेल्या पातेल्यात तास-दोन तास उकळा. पाणी कोऱ्या चहासारखं होईल, दुसऱ्या उकळीलाही होईल. तो रंग लाकडातल्या टॅनिन नावाच्या द्रव्याचा. पातेल्यात न मावणाऱ्या लाकडावर उकळतं पाणी दोन-तीनदा ओता. नंतर ते टबात बुडवून, वर दगड ठेवून दोन-तीन आठवडे भिजत घाला.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, विशेषतः पावसाळ्यात. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंडी पडतात. टब घट्ट झाकून ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी पाणी पूर्ण ओतून टाका. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं सांगतं, ते या टबालाही लागू आहे. पाणी बदलल्याने टॅनिनही लवकर उतरतं.

तरीही थोडा रंग टाकीत येणारच. त्याला घाबरू नका. ॲमेझॉनला मिळणारी रिओ नेग्रो नदी अशीच चहाच्या रंगाची आहे आणि कार्डिनल टेट्रा हा छोटा मासा तिथलाच. मला स्वतःला हा फिका सोनेरी रंग आवडतो. ज्यांना नको असेल त्यांनी फिल्टरमध्ये काही दिवस ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवावा.

लाकूड तरंगतच राहिलं तर त्याला खालून सपाट दगड जोडायचा, स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने. दगड कोणता, हे महत्त्वाचं. घरात ओट्याच्या कामातून उरलेला कडप्प्याचा तुकडा असतो आणि हात पटकन तिकडेच जातो. पण कडप्पा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. पाण्यात ते हळूहळू विरघळतात आणि पाणी जड, म्हणजे क्षारांचं, करत राहतात. खिळ्याने त्यावर खोल ओरखडा काढा आणि त्या पांढऱ्या भुकटीवर व्हिनेगर टाका. जवळून पाहिलं तर बारीक बुडबुडे उठताना दिसतात. ग्रॅनाइटचा तुकडा चालतो. आपला सह्याद्रीचा काळा पाषाणही उत्तम, फक्त ज्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक आहेत तो घेऊ नका, कारण त्यांत कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलंच खनिज, असू शकतं.

टाकी आणि जागा

नवख्या माणसाला लहान टाकी सोपी वाटते, पण उलटं आहे. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. 2 फूट लांब, 1 फूट रुंद आणि सव्वा फूट उंच ही टाकी सुरुवातीला बरी. हिशेबाने तिच्यात 70 लिटर मावतं. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं 55 लिटरच्या आसपास. काच 6 मिलिमीटरची घ्या.

भरल्यावर हे सगळं 80 किलोच्या वर जातं. टीव्हीच्या शोकेसवर किंवा प्लायच्या कपाटावर ठेवायची वस्तू नाही ती. लोखंडी स्टँड घ्या, त्यावर पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी पातळी बघा, आणि टाकीखाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल घाला. पातळी चुकली तर एका कोपऱ्यावर ताण येतो आणि वर्षा-दोन वर्षांनी काच तडकते.

खिडकीतलं थेट ऊन नको, शेवाळ आवरत नाही. प्लग जवळ हवा, पण वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली पडेल. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा. खाली ठेवला तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येतं.

आणि डासांची कॉइल किंवा लिक्विड मशीन त्या खोलीत लावू नका. त्यातली पायरेथ्रॉइड नावाची द्रव्यं माशांना अतिशय विषारी असतात, आणि हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलत असतो. घरात पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर पंप तेवढा वेळ बंद करून टाकी ओल्या चादरीने झाका. मच्छरदाणी हा सगळ्यात चांगला उपाय.

वाळू

बाजारात हल्ली बांधकामाची वाळू म्हणून जी मिळते ती बरेचदा क्रश सँड असते, म्हणजे दगड फोडून केलेली. तिचा कण न् कण धारदार. ती नको. समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तीही नको. मला सगळ्यात खात्रीची वाटते ती फिल्टरची वाळू. पोहण्याच्या तलावांच्या आणि पाणी शुद्धीकरणाच्या फिल्टरमध्ये घालतात ती सिलिका वाळू, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर जाडीची. गोल, सारखी आणि फिल्टरचं सामान विकणाऱ्यांकडे गोणीने मिळते. मत्स्यालयाच्या दुकानातल्या छोट्या पाकिटांपेक्षा खूप स्वस्त पडते.

कुठलीही वाळू असो, दोन परीक्षा घ्या. चमचाभर वाळू वाटीत घेऊन वर व्हिनेगर घाला. फेस आला तर तिच्यात चुना आहे. दुसरी परीक्षा मनगटाच्या आतल्या बाजूला. चिमूटभर ओली वाळू तिथे हलकेच चोळा. ओरखडल्यासारखं टोचलं, तर माशाच्या मिशीला ते किती टोचेल!

आपल्या टाकीला 12 किलो वाळू पुरते, सरासरी 4 सेंटिमीटरचा थर होतो. धुवायला बसाल तेव्हा एकदम सगळी बादलीत ओतू नका. दोन-दोन किलो घ्या, हात तळापर्यंत घालून ढवळा, गढूळ पाणी ओता, पुन्हा भरा. आठ-दहा पाण्यांनंतर ढवळूनही बादलीचा तळ दिसायला लागतो. तांदूळ धुतल्यासारखंच आहे, फक्त पाठ दुखते. हे पाणी मोरीत ओतू नका, वाळू बसून मोरी तुंबते. बागेत किंवा कुंड्यांत घाला.

आता मांडणी. आधी लाकूड, मग वाळू. दगड जोडलेलं लाकूड तळाच्या काचेवर पातळ प्लास्टिकच्या जाळीवर टेकवा, हलवून पक्कं बसलंय ना ते बघा, आणि मग भोवतीने वाळू घाला. वाळूवर लाकूड ठेवलं तर मासे खालची वाळू उकरतात आणि एक दिवस ते काचेवर कलंडतं. लाकूड बरोबर मध्ये ठेवू नका. एका बाजूला, फांद्या मोकळ्या बाजूकडे झुकलेल्या, असं ठेवलं की टाकी मोठी वाटते. खाली कुठेतरी गुहेसारखी जागा राहील असं पाहा, लाजऱ्या माशांना ती लागते. वाळूचा उतार पुढे अडीच आणि मागे 5 सेंटिमीटर असू द्या. काही महिन्यांत तो आपोआप सपाट होईल, तेव्हा त्यावर फार जीव लावू नका.

वाळूचा थर याहून जाड नको. खोल थरात ऑक्सिजन पोचत नाही आणि तिथे कुजलेल्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. महिन्यातून दोनदा बांबूच्या काडीने वाळू हळूच टोचून ढिली केली की पुरे. दुकानदार तळाला जाळीची प्लेट टाकून वर खडे घालायचा फिल्टर सुचवेल, तो वाळूला चालत नाही, लगेच बुजतो.

पाणी

वाळूवर स्टीलचं ताट ठेवा आणि त्यावर बारीक धारेने पाणी सोडा. थेट ओतलं तर सगळी मांडणी उधळते. भरल्यावर पाणी थोडं धुरकट दिसेल, रात्रीत निवळतं. तोवर मोटरचा फिल्टर चालू करू नका, वाळूचे कण त्याचा पंखा खातात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. त्यासाठी दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात, बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला. पाणी जड की मवाळ हे मात्र गावागावावर आहे. धरणाचं पाणी येतं तिथे ते बहुधा मवाळ, बोअरचं जड. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि नळाच्या तोटीवर पांढरं साचतं, त्यात टेट्रा आणि कोरीचा हट्ट धरू नका. तुमच्यासाठी गप्पी आणि मोली आहेत. महापालिका डासांच्या अळ्या खायला सोडते तेच गप्पी. जड पाण्यात ते आनंदाने राहतात आणि वाढतात. नुसतं आरओचं पाणीही भरू नका, त्यात माशांना लागणारे क्षार उरत नाहीत.

फिल्टर म्हणून हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर माझ्या मते सुरुवातीला सर्वोत्तम. स्वस्त, बिघडायला काही नाही, आणि वाळू ओढत नाही. जिथे वीज तासन् तास जाते तिथे बॅटरीवरचा हवेचा पंप घेऊन ठेवा.

झाडं याच वेळी लावा. ॲन्युबियस आणि जावा फर्न लाकडावर साध्या शिवणाच्या दोऱ्याने बांधायचे. त्यांचं आडवं जाड खोड वाळूत पुरलं तर सडतं. वाळूत लावायला व्हॅलिस्नेरिया चांगली. आणि आपली ब्राह्मी! कुंडीत वाढते तीच, दुकानात बकोपा म्हणून मिळते. तिच्या कांड्या वाळूत खोचल्या की पाण्याखालीही मुळं धरतात. कुंडीतली वापरली तर जुनी पानं गळतील, नवी पाण्यातली येतील. वाळूत खत नसतं, म्हणून मुळांपाशी खताची गोळी दाबा. दिवा रोज सहा-सात तासच ठेवा.

रिकाम्या टाकीचा महिना

आता खरी परीक्षा, तुमच्या संयमाची. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो विष आहे. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विष. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी आहे आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू स्पंजमध्ये, वाळूवर, लाकडावर वस्ती करतात. नव्या टाकीत ते नसतात. पहिल्या आठवड्यात मरणारे मासे बहुतेक याच कारणाने मरतात, आणि दुकानदाराला दोष दिला जातो.

फिल्टर दिवसरात्र चालू ठेवा. रोज चिमूटभर माशांचं खाद्य रिकाम्या टाकीत टाका, ते कुजून जिवाणूंचं अन्न होतं. थेंबांची चाचणी किट घ्या. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल, आणि शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसेल. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. एखाद्या मित्राच्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंज पिळून त्याचं मळकट पाणी तुमच्या टाकीत टाकलं तर बराच वेळ वाचतो. त्या घाणेरड्या दिसणाऱ्या पाण्यातच जिवाणू असतात.

याच काळात लाकडावर पांढरा, बुळबुळीत थर येईल. मला फोन करणारे सगळ्यात जास्त याच दिवशी घाबरून करतात. तो निरुपद्रवी आहे. जुन्या टूथब्रशने घासा, पुन्हा येईल, पुन्हा घासा. काही आठवड्यांत येईनासा होतो.

मासे

दोन फुटी टाकीत मी एकाच जातीचे सहा कोरी आणि त्यांच्यावर आठ-दहा छोटे टेट्रा ठेवीन. कोरी एकटा-दुकटा भेदरून राहतो. आधी कोरी आणा, दोन आठवडे चाचणी करत राहा, मग टेट्रा. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, तिच्यात थोडं थोडं टाकीचं पाणी घाला, आणि जाळीने मासे उचलून सोडा. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका.

हवामान बघून निवडा. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत 50 वॉटचा हीटर लागतो, मुंबईत सहसा लागत नाही. विदर्भात प्रश्न उन्हाळ्याचा. तिथे पाण्यावर छोटा पंखा लावा, आटलेलं पाणी रोज भरा, आणि कोरीपैकी स्टर्बाय जात घ्या, ती उष्णता बरी सोसते.

दुकानात काच साफ करेल म्हणून सकर मासा गळ्यात मारतात. तो फूटभर वाढतो. मग लोक दया येऊन तो नदीत सोडतात, आणि देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत तो असाच पसरून स्थानिक मासे हटवत बसला आहे. कुठलाही पाळलेला मासा नदीत सोडू नका. तसंच नदीतला उचलूनही आणू नका. पिवळसर अंगावर बारीक पट्ट्यांचा झेब्रा लोच आपल्या पश्चिम घाटातला, जगात दुसरीकडे कुठे निसर्गात नाही, आणि आज तो संकटग्रस्त यादीत आहे.

रोजचं

खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. कोरींसाठी बुडणाऱ्या गोळ्या रात्री दिवा मालवल्यावर टाका, नाहीतर टेट्रा त्यांना काही उरू देत नाहीत. आठवड्याला एक बादली, म्हणजे 12-14 लिटर पाणी बदला. वाळूवर घाण वरच्या वर बसते. सायफनची नळी वाळूपासून बोटभर वर धरून गोल फिरवली की घाण उठून नळीत जाते आणि वाळू खाली राहते. हे पाणी तुळशीला, कुंड्यांना घाला, झाडं लगेच फरक दाखवतात. स्पंज महिन्यातून एकदा याच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने महिनाभर जोपासलेले जिवाणू जातात.

रस्त्यावर देशी बदामाची झाडं असतील तर गळून वाळलेली, तपकिरी पानं वेचून, धुऊन एक-दोन वाळूवर टाका. कोरी त्यांच्याखाली शिरून बसतात.

गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांच्या हाती खाद्याचा डबा देऊ नका. प्रेमापोटी ते मूठभर टाकतात आणि पाणी नासतं. मोठे, निरोगी मासे चार-पाच दिवस उपाशी आरामात राहतात. जायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, दिवा टायमरवर लावा, आणि शेजाऱ्यांना फक्त पंपाचे बुडबुडे चालू आहेत ना एवढं बघायला सांगा. परत आल्यावर दिवा न लावता, टॉर्चवर लाल कागद धरून खाली वाकून बघा. कोरी डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसतो, आणि क्षणाने त्याच्या कल्ल्यांतून वाळूची बारीक धार खाली पडते.